निसर्गफेरीत माणसे कमी, नोंदी जास्त हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की ठाणे आणि नवी मुंबईत निसर्गफेऱ्यांचा हंगाम सुरू होतो. येऊर, नागला बंदर, ऐरोलीचे कांदळवन, पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या अशा जाहिराती सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागतात. हल्ली त्यात माइंडफुलनेस (चित्त एकाग्र करणे) आणि क्लायमेट चेंज (हवामानबदल) हे दोन्ही हमखास असतात. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण एका वाटाड्यामागे साठ माणसे, त्याच्या हातात मेगाफोन, दोन तासांत पाच किलोमीटर आणि शेवटी बॅनर धरून फोटो, अशा फेरीत मनही शांत होत नाही आणि हवामानबदलही कळत नाही. फेरी नीट कशी घ्यावी आणि ती कुठे फसते, याचे काही तपशील आयोजकांच्या आणि फेरीला जाणाऱ्यांच्याही उपयोगी पडतील म्हणून लिहीत आहोत. पत्र लांबले आहे; जागेप्रमाणे काटछाट करावी.

मुळात एक गोष्ट स्पष्ट हवी. हवामानबदल एका रविवारी, एका फेरीत दिसत नाही. तो दिसला तर त्याच झाडाखाली, त्याच महिन्यात, वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींत दिसतो. आणि नोंद करायची तर आधी गप्प बसून बघता आले पाहिजे. म्हणजे चित्त एकाग्र करण्याचा भाग आणि हवामानाचा भाग असे फेरीचे दोन तुकडे पाडण्याचे कारणच नाही. आज बहुतेक ठिकाणी तेच होते: पहिला तासभर भाषण, मग दहा मिनिटे डोळे मिटून प्राणायाम. प्राणायाम घरच्या गच्चीवरही करता येतो, त्यासाठी येऊरला कशाला जायचे?

आधी माणसांचा हिशेब. एका वाटाड्यामागे बारा माणसे, आणि सर्वांत मागे चालणारा एक जाणता सोबती. पायवाटेवर एकामागे एक चालताना बारा माणसांची रांग पंधरा-वीस मीटरची होते आणि आवाज न चढवता शेवटच्यापर्यंत बोलणे पोचते. रांग त्याहून लांबली की मागच्यांना ऐकू येत नाही, ते आपसात गप्पा मारू लागतात, आणि पुढे बसलेला पक्षी त्या गप्पांनीच उडतो. नावे तीस आली तर दोन गट करून चाळीस मिनिटांच्या अंतराने सोडावेत किंवा दोन वेगळ्या वाटा घ्याव्यात. अंतर दीड ते दोन किलोमीटर, वेळ तीन तास. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळी सात ते दहा, मार्चपासून साडेसहा ते साडेनऊ. 'एवढेच चालायचे?' असा सूर पहिल्या अर्ध्या तासात निघतोच. त्याला उत्तर देत बसू नये, चालत राहावे.

उजाडण्याआधी आणि दिवेलागणीनंतर फेरी नको. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबट्यांचा कायमचा वावर आहे. लहान मुले रांगेच्या मधोमध असावीत. एकट्याने वाट सोडून ओणवे होऊन, उकिडवे बसून फोटो काढणे टाळावे. आकाराने लहान दिसणाऱ्या माणसाबाबत बिबट्याची गफलत होऊ शकते. राष्ट्रीय उद्यानात परवानगीविना शिरणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, तेव्हा नाक्यावर नोंद आणि शुल्क हे आलेच.

आता फेरी. सुरुवातीला ओळखपरेड नको. नाव, व्यवसाय, छंद यात वीस मिनिटे जातात आणि माणसे घरचे विषय घेऊनच आत शिरतात. फोन बंद करून पिशवीत, पिशवी पाठीला. पहिली पाचशे पावले कुणीही बोलायचे नाही, वाटाड्यानेही नाही. हे सर्वांत अवघड जाते ते वाटाड्यालाच, कारण दिसेल ते झाड सांगण्याची त्याची सवय सुटत नाही.

त्यानंतर आवाजाचा नकाशा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणि पेन्सिल द्यावी. पेन नको, दवाने शाई फुटते. कागदाच्या मध्यभागी फुली म्हणजे आपण, वरची कड म्हणजे आपल्या समोरची दिशा. दहा पावलांच्या अंतराने, पण वाटाड्याच्या नजरेत राहील असे प्रत्येकाने बसायचे आणि दहा मिनिटे जो जो आवाज येईल तो त्या दिशेला, त्या अंतरावर खुणेने मांडायचा. पक्ष्याचे नाव येत नसेल तर अडत नाही. रेघ, टिंब, नागमोड काहीही चालते. पहिली तीन मिनिटे फक्त घोडबंदर रोडचे ट्रक, विमान आणि कुणाचा तरी खोकला. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तांबटाची एकसुरी टुक्-टुक् लागते, मग टकाचोर, आणि आठव्या मिनिटाच्या सुमारास कान इतके सरावतात की वाळक्या पानाखालून जाणाऱ्या किड्याची खसखसही कागदावर उतरते. उपक्रम पाच मिनिटांत उरकला तर यातले काहीच होत नाही. बहुतेक ठिकाणी तो पाचच मिनिटांचा असतो. दुसरी चूक म्हणजे पक्ष्याचा आवाज ओळखणारे अ‍ॅप इथे उघडणे. अ‍ॅप उत्तम आहे, परतताना जरूर वापरावे. पण नाव पडद्यावर आले की ऐकणे थांबते. कागदांवर तारीख, वेळ आणि जागा लिहून ते आयोजकाने जपून ठेवावेत. वर्षभराचे कागद शेजारी मांडले की सिकाडा किड्यांचा कर्कश सूर कोणत्या आठवड्यात सुरू झाला, पावशा कधी ओरडू लागला, हे आपोआप हाती येते.

'डोळे मिटा, झाडाला मिठी मारा, अनवाणी चाला' हा प्रकार परदेशी पुस्तिकांतून जसाच्या तसा उचलला जातो. जंगलात निवांत वेळ घालवण्याच्या कल्पनेला जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये चालना दिली. पण तिथले जंगल वेगळे, आपले वेगळे. हिवाळ्यापासून येऊरच्या वाटांवर खाजकुयलीच्या शेंगा पिकतात. सोनेरी-तपकिरी मखमलीसारख्या दिसतात, म्हणून हात लावावासा वाटतो, आणि वारा सुटला तर हात न लावताही त्यांची कुसे अंगावर येतात. मग चोळायचे नाही. चोळल्याने कुसे आणखी रुततात. चिकटपट्टी अंगावर दाबून ओढून काढायची, मग साबण-पाण्याने धुवायचे, कपडे वेगळे ठेवायचे. बिब्ब्याचा चीक लागला तर फोड येतात. अनवाणी चालण्याच्या आड काटे येतातच, पण त्याहून जास्त येतात रात्रीच्या पार्ट्यांतल्या बाटल्यांच्या काचा. स्पर्शाचा उपक्रम घ्यायचाच असेल तर वाटाड्याने आधी तपासलेल्या तीन-चार सालींवर घ्यावा: ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, कुंभ्याची खरबरीत, कांडोळाची गुळगुळीत कागदी. डोळे उघडे ठेवून.

हवामानाच्या भागासाठी भाषणाऐवजी दोन थर्मामीटर न्यावेत. शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तसे, लाल द्रवाचे. पाऱ्याचे नकोत, फुटले तर पारा रानात सांडतो. आदल्या दिवशी दोन्ही एकाच मग्यातल्या पाण्यात बुडवून आकडा सारखा येतो का ते पाहावे आणि फरक असल्यास लिहून ठेवावा. एकाच्या फुग्याला पांढरे मलमल गुंडाळून त्याची शेपटी छोट्या बाटलीतल्या पाण्यात सोडायची. नवे कापड तसेच वापरले तर त्यातल्या खळीमुळे पाणी वर चढत नाही, फुगा कोरडाच राहतो आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. कापड एकदा धुऊन घ्यावे. पाणी शक्यतो गाळलेले, जड पाण्याचे क्षार कापडावर साचतात. छातीच्या उंचीवर, सावलीत, पुठ्ठ्याने वारा घालत आकडा उतरायचा थांबेपर्यंत थांबावे, तीन ते पाच मिनिटे लागतात. थर्मामीटर फुग्याच्या बाजूने धरणे आणि उन्हात वाचणे या नेहमीच्या चुका. फोनमधले तापमान तुम्ही उभे आहात तिथले नसते, हेही इथेच सांगून टाकावे.

ही जोडी तीन ठिकाणी वाचायची: डांबरी रस्त्याकडेला, रानाच्या कडेला आणि आत दाट सावलीत. कोरडा आकडा (उघड्या थर्मामीटरचा) ३४ आणि ओला (मलमल गुंडाळलेल्याचा) २८ आला तर हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या थोडी वर आहे असे समजावे. आत गेल्यावर कोरडा आकडा सहसा दोन-तीन अंशांनी उतरतो, ओला मात्र फारसा हलत नाही. इथे लोक गोंधळतात आणि इथेच खरी शिकवण आहे. झाडे पानांतून पाणी सोडून हवा थंड करतात, पण तेवढीच ती दमटही करतात. मग सावलीत बरे का वाटते? डोक्यावरचे ऊन आणि खालून तापलेल्या डांबराची धग दोन्ही नाहीशी होतात म्हणून. स्वयंपाकघरात तेल तपासायला वापरतात ते दुरून तापमान सांगणारे यंत्र असेल तर डांबर, उघडी माती आणि पालापाचोळा यांवर एकदा धरून दाखवावे. एप्रिलच्या दुपारी डांबर ५० अंशांच्या पुढे जाते. शहरात झाड तोडून फरसबंदी केल्याने काय होते, यावर आणखी बोलावे लागत नाही.

ओल्या आकड्याचा उपयोग फक्त शिकवण्यापुरता नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते आणि आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत तो वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी काही जण उष्माघाताने दगावले, ते सर्वांना आठवत असेल. आमचा नियम असा: ओला आकडा २८ च्या पुढे गेला की चढ रद्द, सावलीतले बैठे उपक्रम घ्यायचे, ३० झाला की फेरी तिथेच संपवायची. पैसे भरून आलेल्यांची नाराजी पत्करावी. माणशी दीड लिटर पाणी आणि गटामागे ओआरएसची सहा पाकिटे. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणे दिसले तर सावलीत आडवे करून मानेला, काखेत, जांघेत ओले कापड, सतत वारा, आणि १०८ ला फोन. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

झाडांच्या नोंदी हा फेरीचा कणा. वाटेवरची पाच झाडे कायमची ठरवावीत. येऊरसाठी पळस, काटेसावर, बहावा, मोह आणि ऐन ही निवड चांगली; पाचही सहज ओळखू येतात आणि प्रत्येकाची पालवी-फुलांची वेळ वेगळी आहे. झाडाला खिळा ठोकू नये, रंग लावू नये. हाती काढलेल्या नकाशावर क्रमांक द्यावा. खोडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर शिंप्याच्या टेपने वर्षातून एकदा, त्याच महिन्यात घ्यावा. चढावरच्या झाडाचे माप नेहमी वरच्या बाजूला उभे राहून घ्यावे, नाहीतर दरवर्षी वेगळा आकडा येतो. दर पंधरवड्याला कोवळी पाने, जून पाने, कळ्या, उमललेली फुले, कच्ची फळे, पिकली फळे या सहा रकान्यांत फक्त तीन खुणा: नाही, थोडे, खूप. 'थोडे' म्हणजे झाडाच्या एक तृतीयांशपर्यंत. दोघांनी स्वतंत्र भरावे आणि मग ताडून पाहावे; वेगळे आले तर पुन्हा झाडाकडे बघावे. याच धर्तीवर 'सीझनवॉच' हा देशव्यापी उपक्रम चालतो, नोंदी तिथे देता येतात. पक्ष्यांच्या यादीसाठी 'ईबर्ड' आहेच.

यात सर्वांत मोठी चूक म्हणजे झाड फुलले की नोंद करणे आणि फुलले नाही की न करणे. 'नाही' हीसुद्धा नोंद आहे. तिच्याशिवाय बहर कधी सुरू झाला हे ठरत नाही. आपण कधी पाहिला एवढेच ठरते. दुसरी चूक, रस्त्याकडेचे किंवा हॉटेलच्या कुंपणातले झाड निवडणे. त्याला पाणी मिळते, फांद्या छाटल्या जातात, रात्रभर दिवा असतो. त्याच्या वेळापत्रकावरून रानाचे काही कळत नाही. आणि तिसरी चूक वाटाड्याची. बहावा ऑक्टोबरमध्ये चार झुपके फुललेला दिसला की 'बघा, हवामानबदल!' असे सांगून तो मोकळा होतो. एखाद्या झाडाच्या अवेळी बहराला छाटणी, कीड, लांबलेला पाऊस अशी दहा कारणे असू शकतात. हवामान म्हणजे साधारण तीस वर्षांची सरासरी. एका वर्षाचे ते हवामान नव्हे, त्या वर्षाची हवा. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून, आणि २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. लक्षात राहण्याजोगी गोष्ट आहे, पण ती एकटी काही सिद्ध करत नाही. जे निश्चित आहे ते निश्चितपणे सांगावे: २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे १.१ अंशाने जास्त होते, आणि त्याला माणूस कारणीभूत आहे. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी जगभरात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. एवढ्या दोन वाक्यांपुढे वाटेवर आकडे नकोत.

कारवीचा मुद्दा इथेच सांगितला पाहिजे. येऊरच्या उतारांवरची कारवी ही झुडूपवजा वनस्पती आठ वर्षांनी एकदाच फुलते. इथले अलीकडचे बहर २०१६ आणि २०२४ चे. पुढचा २०३२ ला अपेक्षित आहे. ज्याला दर फेरीत फुले हवीत त्याने कारवीकडे जाऊच नये. पण मधल्या वर्षांत तिच्या कांड्यांची उंची, आगीने जळालेले पट्टे, गुरांनी तुडवलेले भाग यांची नोंद कुणी ठेवली तर २०३२ चा बहर कुठे फुटला आणि कुठे नाही याचा अर्थ लावता येईल.

खाडीकडच्या फेरीचे गणित वेगळे आहे, कारण तिथे घड्याळ चंद्राचे चालते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, आणि २०२२ पासून ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटींच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात. कोळीवाड्यातला जुना हिशेब नवख्या आयोजकांनी पाठ करावा: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या अलीकडे. हा ढोबळ अंदाज आहे, शिवाय तो मुंबईच्या बंदराचा. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, म्हणून छापील तक्ता बघावाच. सकाळी काठावरून पाणपक्षी पाहायचे तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा दिवस धरावा. सातला चिखल उघडा असतो, पाणी चढू लागते आणि पक्षी हळूहळू काठाकडे सरकतात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, सकाळी पाणी उतरत असते आणि पक्षी दूर जातात. मग 'फ्लेमिंगो दिसलेच नाहीत' अशी तक्रार येते. फ्लेमिंगोंचा मुक्काम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत, तोही दरवर्षी मागेपुढे.

खाडीवर बसण्याचा उपक्रम डोंगराहून चांगला जमतो. एक जागा धरा, चिखलात एक काठी दिसेल अशी खूण निवडा आणि वीस मिनिटे पाणी कुठून कुठे आले ते बघा. चढते पाणी सपाट येत नाही. बोटाएवढ्या ओघळांतून पुढे सरकते, निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) त्याच्या पुढे पुढे उड्या मारत जातात, एक नांगी मोठी असलेले खेकडे बिळांच्या तोंडाशी थांबतात आणि पाणी टेकले की आत जातात. तिवराच्या खाली चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळे श्वासासाठी आहेत, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. पाऊस नसलेल्या दिवसांत तिवराचे पान जिभेला लावून पाहावे, खारट लागते. झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. प्राणवायू नसल्यामुळेच गळलेली पाने-मुळे तिथे लवकर कुजत नाहीत आणि त्यातला कार्बन दीर्घकाळ चिखलात अडकून राहतो. डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) टाकून भराव केला की झाडेही जातात आणि साठवणही. हे सगळे काठावर उभे राहून दाखवता येते. चिखलात उतरू नये. मुळे तुटतात आणि पायही रुततो.

फ्लेमिंगोंबद्दल एक गोड गैरसमज फेऱ्यांतून पसरतो: पक्षी भरपूर, म्हणजे खाडी स्वच्छ. छोटा रोहित, म्हणजे लहान जातीचा फ्लेमिंगो, मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो आणि सांडपाण्यातले नत्र-स्फुरद मिळाले की शेवाळ वाढते. गुलाबी थवा हे स्वच्छतेचे प्रमाणपत्र समजू नये. हे सांगितले की लोकांचा थोडा विरस होतो, पण विरस चालेल.

पावसाळी फेऱ्यांविषयी थोडक्यात. खारघरच्या पांडवकडा धबधब्यासारख्या ठिकाणी दर पावसाळ्यात बंदी येते ती उगाच नाही. वर पठारावर सर कोसळली की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ झाले, त्यातून काटक्या-पाने येऊ लागली, आवाज जाडावला, की सामान सोडून काठ चढायचा. पावसाळ्यात ओढा ओलांडणारी वाट आखूच नये. त्याऐवजी दोन लिटरच्या बाटलीचा पर्जन्यमापक बनवावा: वरचा भाग कापून उलटा आत बसवायचा, बुडाचा वाकडा भाग पाण्याने भरून सरळ भिंत सुरू होते तिथे शून्य, पुढे मिलिमीटरची पट्टी. एक मिलिमीटर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे काय, हे मग मुलांना स्वतःच उमगते.

साप चावल्यास कापणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काही करू नये. अवयव हलू न देता शासकीय रुग्णालय गाठावे. अत्तर-डिओ लावून येऊ नये, आग्यामोहोळ बिथरते. वणवा, शिकार, अडकलेला प्राणी दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक.

फेरीच्या शेवटी सीडबॉल (बिया घातलेले मातीचे गोळे) फेकणे आणि रोप लावून फोटो काढणे बंद झाले तर बरे. येऊरच्या रानाला बियांची टंचाई नाही. त्याच्या मुळावर येतात ते उन्हाळ्यातले वणवे, प्लास्टिक आणि बाहेरून आणलेल्या सुबाभळीसारख्या जाती. जूनमध्ये लावलेले रोप मार्चमध्ये कोण बघतो? त्याऐवजी येण्याजाण्याचा हिशेब करावा. वीस गाड्या, प्रत्येकी वीस किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर: जवळजवळ २७ लिटर पेट्रोल, आणि लिटरमागे सुमारे २.३ किलो धरले तर साठ किलोंवर कार्बन डायऑक्साइड. हवामानाचे शिक्षण घ्यायला आलेल्यांचा हा खर्च. येऊरला ठाणे स्टेशनहून परिवहनची बस जाते, ऐरोली ठाणे-वाशी मार्गावरचे स्टेशन आहे. फेरीची वेळ बस आणि लोकलच्या वेळेला जुळवणे हे आयोजकाचे काम आहे.

वाटाडे कोण, हाही प्रश्न आहे. येऊरच्या पाड्यांवरच्या वारली तरुणांना सोबत घ्यावे, आणि शहरातल्या मार्गदर्शकाइतकेच मानधन द्यावे. पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी कोणत्या उतारावर आधी उगवते, तिची खाज मारायला काकडाची फळे कधी धरतात, कोणते उंबर वर्षात किती वेळा लगडते, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. ते विचारून, त्यांच्या नावाने, त्यांच्या संमतीने लिहून ठेवावे. फुकट काढून घेऊ नये.

दोन्ही महापालिका आणि वनविभागाला विनंती अशी की फाटकावर नाव-फोनच्या वहीशेजारी एक साधी नोंदवही ठेवावी: तारीख, वेळ, कोरडा-ओला आकडा, पाच झाडांच्या खुणा. प्रत्येक गटाने परतताना ती भरावी. मेगाफोन आणि स्पीकर नाक्यावरच जमा करून घ्यावेत, आणि एका वाटाड्यामागे बाराची मर्यादा परवानगीच्या अटींतच घालावी.

आपल्याही वृत्तपत्राकडे एक मागणे आहे. आपण रोज सांताक्रूझ-कुलाब्याचे तापमान आणि भरती-ओहोटीच्या वेळा छापता. त्याखाली पंधरा दिवसांतून एकदा चार ओळींची चौकट द्यावी: येऊरला पळस फुलला का, ऐरोलीत फ्लेमिंगो आले का, ठाण्याच्या बाजारात शेवळं कोणत्या तारखेला पहिल्यांदा दिसली. बाजाराची तारीख भावावर आणि आणणाऱ्याच्या सवडीवरही ठरते, म्हणून ती वेगळ्या ओळीत द्यावी. नोंदी वेळेवर पोचवण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

आपले,
काही निसर्गफेरी मार्गदर्शक,
ठाणे व नवी मुंबई